दिसत नाही तो पारा : निऑनच्या गाळ्यातली हवा

या महिन्याच्या आरोग्य पानावर पाऱ्याचा पाठ घेऊ. पारा म्हटले की ताप मोजायची काचेची नळी आठवते. पण आपल्यातल्या काही घरांत पारा कमावत्या माणसाबरोबर रोज येतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. दुकानांच्या, बारच्या, सिनेमागृहांच्या रंगीत निऑन पाट्या ज्या गाळ्यांत बनतात, तिथे काच वाकवणारे, नळीत गॅस भरणारे, जुन्या पाट्या दुरुस्त करणारे आणि फुटकी काच भंगारात नेणारे असे सगळेच पाऱ्याच्या संगतीत असतात. आता एलईडीच्या पाट्या आल्या आहेत, त्यांत पारा नसतो. त्यामुळे काचेच्या नळीचे काम कमी झाले, पण थांबले नाही. जुन्या पाट्या उतरवणे, दुरुस्त करणे आणि मोडणे तर चालूच आहे.

या पाठातून एकच गोष्ट मनात ठसवायची आहे. पारा चकाकताना दिसतो तेव्हा माणूस आपोआप जपतो. तो दिसेनासा होतो तेव्हा श्वासात जातो. म्हणून नुसते जपून काम करणे पुरत नाही. गाळ्यातल्या वाफेला बाहेर जायची वाट करून द्यावी लागते.

पारा नळीत जातो कसा

निऑनचा दिवा पहिल्यांदा लोकांपुढे आला तो १९१० साली पॅरिसमध्ये. जॉर्ज क्लोद नावाच्या फ्रेंच माणसाने तो दाखवला. कामाची पद्धत आजही जवळपास तीच आहे. काचेची नळी बर्नरच्या आगीवर तापवून अक्षरांच्या आकारात वाकवतात. दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड जोडतात. मग व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा ओढून घेतात आणि हजारो व्होल्टचा विजेचा प्रवाह नळीतून सोडतात. नळी आतून खूप तापते, काचेला आणि इलेक्ट्रोडला चिकटलेली घाण सुटते आणि पंप ती ओढून घेतो. याला बाँबार्डिंग म्हणतात. शेवटी नळीत थोडासा गॅस भरून तिचे तोंड आगीने बंद करतात.

निऑन गॅस भरला की लाल-नारिंगी उजेड पडतो. त्याला पारा लागत नाही. निळा, हिरवा, पांढरा असे रंग हवे असतील तर आर्गॉन गॅस भरतात आणि बरोबर पाऱ्याचा एक थेंब सोडतात. नळीत वीज गेली की त्या पाऱ्याची वाफ निळसर उजळते आणि डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही सोडते. ते किरण नळीच्या आतल्या पांढऱ्या भुकटीवर पडले की भुकटी रंगीत चमकते. आपल्या घरातली ट्यूबलाइट आणि सीएफएलचा दिवा याच तत्त्वावर पेटतो. फरक असा, की सीएफएलमध्ये कारखान्यात यंत्राने मोजून टाकलेला काही मिलिग्रॅमच पारा असतो. निऑनच्या गाळ्यात माणूस पाऱ्याची बाटली उघडतो आणि थेंब हाताने सोडतो.

कोणत्या नळीत पारा आहे हे विझलेल्या नळीवरून नेहमी कळत नाही. नक्की ठाऊक नसेल तर पारा आहे असे धरूनच चालावे.

एका मोहरीएवढा थेंब

पारा हा साध्या हवामानात पातळ राहणारा धातू आहे. तो ३५७ अंशाला उकळतो, त्यामुळे खालच्या तापमानात तो नुसता पडून राहतो असे वाटते. तसे नाही. पाणी न उकळताही ओल्या फरशीवरून वाळून जाते, तसाच पाराही न उकळता हवेत जात राहतो. त्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. घासलेट सांडले तर नाक सांगते. पाऱ्याबाबत नाक काहीच सांगत नाही.

आता थोडे गणित करू. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संघटनेने कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा आहे एक घनमीटर हवेत ०.०२५ मिलिग्रॅम पारा. घनमीटर म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी जागा. ही मर्यादा दिवसाला आठ तास काम करणाऱ्या प्रौढ माणसासाठी आहे. बंद जागेत पारा उघडा पडून राहिला तर २० अंश तापमानात एका घनमीटर हवेत साधारण १४ मिलिग्रॅमपर्यंत वाफ मावू शकते. म्हणजे मर्यादेच्या पाचशे पटींहून जास्त. तापमान दर दहा अंशांनी वाढले की हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. ३० अंशाला तो सुमारे ३० मिलिग्रॅम आणि ४० अंशाला ६० च्या आसपास. मे महिन्यात पत्र्याखालच्या गाळ्यात ४० अंश म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरे गणित. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच गाळ्यात सुमारे २८ घनमीटर हवा असते. मोहरीच्या दाण्याएवढ्या, म्हणजे दोन मिलिमीटरच्या पाऱ्याच्या थेंबाचे वजन भरते साधारण ५५ मिलिग्रॅम. तो सगळा थेंब त्या बंद गाळ्यात हवेत गेला, तर हवा मर्यादेच्या जवळजवळ ऐंशी पट खराब होईल. थेंब एकदम उडत नाही, हळूहळू उडतो. पण फरशीच्या भेगेत असे दाणे वर्षानुवर्षे साचत गेले, तर ती फरशीच रोज थोडा थोडा पारा हवेत सोडत राहते.

शरीरात गेल्यावर

लोकांना वाटते पारा गिळला की माणूस मरतो. खरे तर धातूच्या रूपातला पारा पोटातून अगदी नगण्य शोषला जातो. लहान मुलाने थर्मामीटरमधला पारा गिळला तर डॉक्टरांना जरूर दाखवा, पण घाबरून उलटी करायला लावू नका. खरा धोका श्वासाचा आहे. श्वासाबरोबर आत गेलेल्या पाऱ्याच्या वाफेतला सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात उतरतो. तिथून तो मेंदूत आणि मूत्रपिंडात जातो. गरोदर बाईच्या शरीरातून तो पोटातल्या बाळापर्यंतही पोहोचतो.

एकाच वेळी खूप वाफ आत गेली, उदाहरणार्थ पारा असलेली नळी आगीवर फुटली, तर काही तासांत खोकला, छातीत आवळल्यासारखे, धाप, थंडी वाजून ताप, तोंडाला धातूची चव अशी लक्षणे दिसतात. हा साधा फ्लू नव्हे. त्या माणसाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय घडले ते सांगा.

थोडी थोडी वाफ महिनोन्‌महिने आत जात राहिली तर आजार दबक्या पावलांनी येतो. आधी झोप उडते. चिडचिड वाढते, किंवा बोलका माणूस गप्प आणि बुजरा होतो. ठेवलेली वस्तू आठवत नाही. बोटे, पापण्या, ओठ बारीक थरथरू लागतात. अक्षर बिघडते. हिरड्या सुजतात, तोंडाला लाळ सुटते. मूत्रपिंडाला इजा झाली तर लघवीला फेस येतो, पायांवर आणि चेहऱ्यावर सूज दिसते. लहान मुलांत तळहात-तळपाय लाल-गुलाबी होऊन दुखतात, कातडी सुटते, घाम फार येतो, रक्तदाब वाढतो.

हात कापतो म्हणजे दारूच असे नाही

इथे मला एका घराबद्दल लिहायचे आहे. नाव आणि वस्ती सांगत नाही. घरातला माणूस काच वाकवण्यात उस्ताद होता. चहाचा कप धरताना त्याचा हात कापू लागला. घरी तो पोरांवर ओरडू लागला आणि नातेवाइकांत मिसळणे त्याने सोडले. शेजारी म्हणाले, लपून पितो. सासरच्यांनी बायकोला सांगितले, याला सोडव. एका म्हातारीने करणीही काढली. दोन दवाखान्यांत त्याला एकच प्रश्न विचारला गेला, "दारू कधीपासून?" त्याने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तू दिवसभर कसले काम करतोस, हे कोणी विचारले नाही.

त्याच्या बायकोने आमच्या महिला आरोग्य गटात हे सांगितले तेव्हा प्रश्नांची दिशा बदलली. काम कुठे? निऑनच्या गाळ्यात. झोपतो कुठे? ऑर्डरची घाई असली की गाळ्याच्याच पोटमाळ्यावर. पाऱ्यासाठी लघवीची तपासणी झाली आणि ती वाढलेली निघाली. भरण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामातून त्याला बाजूला काढले, गाळ्यात झोपणे बंद झाले. काही महिन्यांत झोप परत आली, हात बराच स्थिरावला. आजार लवकर ओळखला आणि पाऱ्यापासून लांब झाले तर शरीर बरेच सावरते. उशीर झाला तर कंप आणि विसरभोळेपणा कायमचा मागे राहू शकतो.

दारूने हात कापतो हे खरे आहे. थायरॉईडने आणि काही औषधांनीही कापतो. पण कापणाऱ्या हाताला दारूचे नाव देण्याआधी त्या हाताचे काम विचारा. आपल्या माणसाची अब्रूही त्यात असते.

वाफ कुठून निघते

गाळ्यात पाच जागांवर लक्ष ठेवायचे.

एक, पारा भरण्याचे टेबल. उघडी बाटली, ड्रॉपर, सांडलेला थेंब. लाकडी टेबलाच्या भेगांत पारा शिरतो आणि परत निघत नाही.

दोन, जुन्या नळीची दुरुस्ती. हे सगळ्यांत घातक काम आहे. नळीत पारा असताना तिच्यावर बर्नर धरला तर पारा तापून त्याची वाफ फुटक्या तोंडातून थेट कारागिराच्या चेहऱ्याकडे येते. नियम एकच. पारा आत असताना काचेला आग लावायची नाही. आधी ट्रेमध्ये धरून नळी कापायची, पारा झाकणाच्या बरणीत काढायचा. पारा आतल्या भुकटीलाही चिकटून राहतो, म्हणून तेवढा तुकडा टाकून नवी काच जोडणेच बरे.

तीन, व्हॅक्यूम पंप. पंप नळीतली हवा ओढतो आणि आपल्या तोंडातून बाहेर फेकतो. बहुतेक ठिकाणी ते तोंड गाळ्यातच उघडे असते. नळीतली पाऱ्याची वाफ तिथून पुन्हा खोलीत येते. पंपाच्या तेलातही पारा मुरतो. ते तेल हाताने उपसू नये, गटारात ओतू नये.

चार, फरशी. भेगा, सांधे, टेबलाखालचा कोपरा, पायपुसण्याचे गोणपाट.

पाच, फुटक्या काचेचे पिंप. झाकण नसेल तर ते पिंप दिवसरात्र वाफ सोडते.

उघडी खिडकी म्हणजे बंदोबस्त नव्हे

मालक म्हणतो, "खिडकी उघडी आहे की." कामगार म्हणतो, "पंखा चालू असतो." दोघेही हवेचा विचार करतात, पण वाफेच्या वाटेचा करत नाहीत. छताचा पंखा हवा बाहेर काढत नाही, आहे तीच घुसळतो. एका टेबलावरची वाफ तो सगळ्या गाळ्यात वाटतो आणि पोटमाळ्यावरही पोहोचवतो. खिडकीतून वारा आत येतो की बाहेर जातो, हे वाऱ्याच्या मर्जीवर असते. कधी तो वाफ बाहेर नेतो, कधी नेमका कारागिराच्या नाकावर आणून सोडतो.

वाफ जिथे निघते तिथेच ती ओढून घ्यायची, नाकापर्यंत येऊ द्यायची नाही. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, पण मांडणी बरोबर लागते.

पारा भरण्याचे आणि दुरुस्तीचे टेबल एका कडेला, भिंतीजवळ घ्या. त्यावर मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून बंद, फक्त समोरून उघडी अशी पेटी बसवा. पत्र्याची चालेल. पेटीच्या मागच्या बाजूला पाइप जोडून तो एक्झॉस्ट पंख्याला द्या. पंखा पाइपच्या बाहेरच्या टोकाला असावा, म्हणजे गाळ्यातल्या पाइपला कुठे भोक पडले तरी वाफ आत गळत नाही.

पेटी का लागते तेही समजून घ्या. ओढणाऱ्या पाइपची ताकद लांबवर पोहोचत नाही. पाइपचे तोंड सहा इंच रुंद असेल, तर तोंडापासून सहा इंचांवर ओढ सुमारे एक दशांश उरते. फुंकर लांबून लागते, पण ओढलेला श्वास लांबचे काही खेचत नाही, तसेच हे. म्हणून भिंतीत वर बसवलेला एक्झॉस्ट पंखा टेबलावरची वाफ पकडू शकत नाही. काम पेटीच्या आत, पाइपच्या तोंडाशी व्हायला हवे.

जेवढी हवा बाहेर काढाल तेवढी आत यायला हवी. दार-खिडक्या घट्ट बंद असतील तर पंखा नुसता आवाज करतो. ताजी हवा कारागिराच्या पाठीमागून यावी, त्याच्या अंगावरून पेटीत जावी. बर्नरच्या आगीलाही मोकळी हवा लागते. कोंडलेल्या गाळ्यात आग नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू तयार होतो. तोही दिसत नाही.

पंपाच्या तोंडाला नळी जोडून ती बाहेर जाणाऱ्या पाइपात सोडा. बाहेरचे टोक छपराच्या वर काढा. शेजाऱ्याच्या खिडकीत, पोरे खेळतात त्या गल्लीत किंवा पाण्याच्या टाकीजवळ ते सोडू नका. आपल्या गाळ्यातली वाफ दुसऱ्याच्या घरात ढकलणे हा बंदोबस्त नव्हे.

सगळे बसवले की तपासणी उदबत्तीने करा. गॅस पूर्ण बंद करा, बर्नर विझवा. एक्झॉस्ट चालू करून पारा हाताळायच्या जागी पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ पेटीत गेला तर वाट बरोबर आहे. धूर वर तरंगला, तोंडाकडे वळला किंवा घोटाळत राहिला तर मांडणी चुकली. मग छताचा पंखा लावून पुन्हा पाहा. बहुतेक वेळा धूर लगेच फुटतो. पारा हाताळताना तो पंखा बंद का ठेवायचा, हे कामगाराला तेव्हा न सांगता कळते. ही परीक्षा महिन्यातून एकदा करावी. तिने हवेची वाट कळते, हवेत पारा किती आहे ते कळत नाही. ते मोजायला वेगळे यंत्र लागते.

आणि मास्क? रुमाल, सर्जिकल मास्क, एन-९५ यांतले काहीही पाऱ्याची वाफ अडवत नाही. ते धुळीसाठी आहेत. पाऱ्याच्या वाफेसाठी खास कार्ट्रिजचा रबरी मास्क मिळतो. तो चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो आणि कार्ट्रिज वेळेवर बदलावे लागते. सांडलेला पारा उचलताना तो वापरावा. पण मास्क दिला म्हणून पाइप नको, असे मालकाने म्हणू नये.

पारा सांडला तर

आधी मुले आणि गरोदर बाई यांना बाहेर पाठवा. पंखा बंद करा, बाहेरच्या खिडक्या उघडा, आतल्या खोलीचे दार लावा. बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या काढा; पारा सोन्याला चिकटून ते पांढरे पाडतो. हातमोजे घाला. बॅटरीचा उजेड फरशीवर तिरका टाका, म्हणजे बारीक मणी चमकतात. जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी मणी एकत्र लोटा. ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने उचला. अगदी बारीक मणी चिकटपट्टीला घ्या. सगळे प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरणीत टाका, पाऱ्यावर थोडे पाणी घाला, बरणीवर "पारा, विष" असे लिहा. भेगांत गंधकाची पूड टाकतात. तिने पारा हळूहळू बांधला जातो, पण आधी उचलायचे ते उचललेच पाहिजे.

झाडू मारायचा नाही. झाडूने एका मण्याचे शंभर मणी होतात आणि झाडू कायमचा पाऱ्याचा होतो. व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. तो पारा तापवून हवेत उडवतो. मोरीत, संडासात ओतायचे नाही.

सांडूच नये म्हणून पाऱ्याचे सगळे काम काठ असलेल्या गुळगुळीत ट्रेमध्ये करा. फरशीच्या भेगा बुजवून गुळगुळीत करा. पाऱ्याची बाटली वापर झाला की लगेच बंद करा.

भंगाराचे काम करणाऱ्या घरांसाठी वेगळे सांगते. ट्यूब, सीएफएल आणि निऑनच्या नळ्या जागा वाचवायला फोडू नका. अख्ख्या ठेवा, खोक्यात उभ्या ठेवा. पारा असलेले दिवे ई-कचरा नियमांत येतात. असा कचरा घेणाऱ्या अधिकृत कंपन्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते.

घरात काय येऊ द्यायचे नाही

पारा कपड्यांच्या शिवणीत, चपलेच्या तळव्याला, केसांत बसून घरी येतो. कामाचे कपडे आणि चप्पल गाळ्यातच ठेवावी. हातपाय-तोंड धुऊन, कपडे बदलून निघावे. कामाचे कपडे घरी आणावेच लागले तर बंद पिशवीत आणा, झटकू नका, पोरांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. गाळ्यात डबा खाऊ नका, विडी-तंबाखू पारा लागलेल्या हाताने तोंडात घालू नका. चमकतो म्हणून पाऱ्याचा गोळा मुलांना खेळायला आणू नका. काही कारागीर कौतुकाने आणतात.

सगळ्यांत महत्त्वाचे, गाळ्यात झोपू नका. वर सांगितलेली मर्यादा आठ तासांची आहे. रात्रीही तिथेच राहणाऱ्याला चोवीस तास तीच हवा मिळते, आणि रात्री एक्झॉस्ट बंद असतो. गावाकडून आलेल्या पोराला मालक "राहायची सोय" म्हणून पोटमाळा देतो, तेव्हा ही गोष्ट बोलून घ्या.

तपासणी आणि हक्क

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य हे असू द्या : "मी निऑनच्या गाळ्यात काम करतो, पारा हाताळतो." या कामासाठी लघवीतला पारा तपासतात. रक्तातला पारा मासे खाल्ल्यानेही वाढलेला दिसू शकतो, म्हणून लघवीची तपासणी जास्त उपयोगाची. नमुना गाळ्यात, कामाच्या कपड्यांत देऊ नका. कपड्यांवरचा पारा बाटलीत पडला तर आकडा चुकतो. अंघोळ करून, स्वच्छ कपड्यांत, प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीतच द्या. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे २० मायक्रोग्रॅमच्या वर पारा निघाला, तर कामाची जागा सुधारायलाच हवी. बरोबर लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या.

घरच्या घरी एक नोंद ठेवता येते. दर महिन्याला एका वहीत कारागिराने स्वतःचे नाव लिहावे, एक गोल गोल चक्र काढावे, तारीख टाकावी. रेघ थरथरू लागली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ही परीक्षा आजार सिद्ध करत नाही, पण बदल डोळ्यांसमोर आणते.

शरीरातला पारा काढायची औषधे आहेत, पण ती रुग्णालयातच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यायची. "अंगातले विष काढतो" म्हणणाऱ्याच्या पुड्या घेऊ नका. काही रसौषधींत पाराच असतो. आणि पारा असलेल्या कामावर परत पाठवायचे असेल, तर औषध देऊन काय उपयोग?

पाऱ्याची विषबाधा हा कायद्याने मानलेला कामाचा आजार आहे. १९४८ चा कारखाना कायदा असो की त्याच्या जागी आलेली २०२० ची कामगार सुरक्षा संहिता, दोन्हींच्या यादीत तो आहे, आणि डॉक्टरांनी तो सरकारी यंत्रणेला कळवायचा असतो. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीतही पाऱ्याचे आजार आहेत. त्यासाठी साधारण सहा महिने सलग काम केल्याचा पुरावा लागतो. लहान गाळ्यांत हाच पुरावा नसतो. म्हणून आजारी पडायची वाट न पाहता पगाराची चिठ्ठी, बँकेत आलेली रक्कम, हजेरी, गाळ्यातला कामाचा फोटो जपून ठेवा. ईएसआय कार्ड असेल तर त्याच दवाखान्यातून तपासणीची मागणी करा. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.

तमिळनाडूत कोडाईकॅनलला हिंदुस्थान लिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना होता. २००१ साली पारा लागलेली फुटकी काच गावातल्या भंगाराच्या दुकानात सापडली आणि लोकांच्या आंदोलनानंतर कारखाना बंद झाला. कामगार पुढे पंधरा वर्षे लढले. कारखान्यातल्या पाऱ्याने कामगार आजारी पडले हे कंपनीने कधी मान्य केले नाही, पण २०१६ साली ५९१ माजी कामगारांशी तिला समझोता करावा लागला. तिथे शेकडो कामगार एकत्र होते. आपल्या गाळ्यांत चार-पाच जण असतात, आणि बऱ्याचदा मालकही त्याच टेबलाशी बसून तीच हवा घेतो. पाइप बसवला तर त्याचेही फुप्फुस वाचते, हे त्याला त्याच्या भाषेत सांगा.

या महिन्याचा गृहपाठ

घरात किंवा शेजारी कोणी निऑनच्या, ट्यूबच्या किंवा अशा भंगाराच्या कामाला असेल तर त्याला पाच प्रश्न विचारा. पारा कुठे उघडतात? पंपाची हवा कुठे सोडतात? एक्झॉस्टचे तोंड टेबलापासून किती लांब आहे? सांडलेला पारा कशाने उचलतात? रात्री तिथे कोण झोपते? उत्तरे कागदावर लिहा आणि पुढच्या आरोग्य वर्गाला आणा. वर्गात एकेका गाळ्याचा नकाशा काढू, हवेच्या वाटेची रेघ मारू, आणि मालकाशी बोलायला कोणी कोणी जायचे ते ठरवू.